धाकटीवरचं धुकं

माझे वडील जहाजांचे नांगर घडवायचे. तोमो बंदरातल्या आमच्या गल्लीत तेरा भट्ट्या होत्या, आणि तेराही नांगरांच्याच. नांगर हे एकट्यादुकट्याचं काम नाही. लाल झालेल्या लोखंडाभोवती पाच-सहा जण रिंगण धरतात आणि एकामागून एक घण घालतात. गडी कमी पडला की घरातली बाई बाह्या बांधून उभी राहते. माझी आई राहायची. सोळाव्या वर्षापासून मीही राहिले. माझे खांदे असे रुंद झाले ते त्यामुळे, आणि चोविशी उलटेपर्यंत मला कुणी मागणी घातली नाही तेही त्यामुळेच.

मग एका वसंतात बित्चूच्या डोंगरातून तलवारी घडवणारे एक लोहार जुनं लोखंड शोधत आमच्या गल्लीत आले. खूप वर्षं वापरलेल्या नांगराचं लोखंड मऊ आणि निर्मळ असतं, तलवारीच्या पोटात घालायला चांगलं, असं त्यांचं म्हणणं. नाव जिनपेई. तीन दिवस ते एका मोडक्या नांगराचा तुकडा उलटसुलट करून बघत होते आणि दुपारी आमच्याकडेच जेवत होते. चौथ्या दिवशी त्यांनी मला मागणी घातली. पुढे कधीतरी मी विचारलं, माझ्यात काय पाहिलंत. म्हणाले, "जड हंडा उचलून ठेवलास, पण आवाज झाला नाही." वडिलांनी नांगराचा तो तुकडाच आंदण म्हणून दिला. नवरी पुढे आणि लोखंड मागे गाढवावर, अशी माझी वरात डोंगर चढली.

कामिदानी गावात ओढ्याकाठी त्यांची भट्टी होती. भट्टीच्या दारावर गवताचा वळलेला दोर बांधलेला आणि आत कानायागो देवीचं ठाणं. ही लोखंडाची देवी, आणि तिला बायका खपत नाहीत. बाई आत गेली तर पोलाद बिघडतं, माणूस भाजतो, असं सगळे मानत. आमच्या बंदरात असलं कुणी मानत नव्हतं, पण मी नवी सून. मान खाली घालून ऐकून घेतलं. अकरा वर्षं मी त्या दोराच्या अलीकडेच राहिले. अंगणात बसून पाइनचा कोळसा अक्रोडाएवढा तोडायचा, पेंढा जाळून राख करायची, चिकणमाती गाळायची, एवढं माझं काम. आत काय चाललंय ते मी कानांनी बघायचे. पोलाद जोडायला आलं की भट्टीत ते मंद खदखदतं, लापशीला उकळी यावी तसं. तो आवाज मला अंगणातून ऐकू यायचा, आणि पुष्कळदा जिनपेईंनी भात्याचा हात थांबवायच्या आधी माझा कोयता थांबलेला असायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

अमेरिकेची काळी जहाजं एदोच्या खाडीत येऊन गेल्याला पाच वर्षं झाली होती, त्या वसंतातली ही गोष्ट. गडावरचे सरदार कुवाबारा देन्नाई स्वतः घोड्यावरून आमच्याकडे आले. साठीचा माणूस, कमरेत जरा वाकलेला, बोलायला थट्टेखोर. त्यांना मुलगा नव्हता. मुलीच्या नवऱ्यालाच मुलगा म्हणून घरात घ्यायचं ठरलं होतं, आणि बाराव्या महिन्यात त्याचा विधी होता. त्या दिवशी जावयाच्या कमरेला बांधायला त्यांना जोडी हवी होती, एक लांब तलवार आणि एक आखूड. जोड्या सगळेच बांधतात, पण बहुतेकांची थोरली एका लोहाराची असते आणि धाकटी दुसऱ्याची. देन्नाईंना तसं नको होतं. ते म्हणाले, दोघींच्या अंगात एकाच ढेकळाचं पोलाद असू दे, माझ्या घरातही दोन घरचं रक्त एकत्र येणार आहे.

जिनपेईंनी त्यासाठी इझुमोकडच्या भट्टीतून पोलादाचं एक ढेकूळ मागवलं. मी तोवर इतकं सुंदर ढेकूळ पाहिलं नव्हतं. बाहेरून काळं, ओबडधोबड, पण फोडल्यावर आत रुपेरी, आणि त्या रुप्यातही कुठे निळा तर कुठे सोनेरी रंग. त्यांनी त्याचे दोन वाटे केले. एक थोरलीचा. दुसरा पेंढ्यात गुंडाळून फळीवर ठेवला, तो धाकटीचा. दोघींच्या पोटात घालायला माझ्या माहेरचा तुकडा काढला.

उन्हाळाभर थोरलीचं काम चाललं. तोमेकिचि आणि कानरोकु हे दोन गडी समोरून घण मारायचे. तोमेकिचि गाणारा, तर कानरोकु दिवसाकाठी दहा शब्द बोलणारा, पण ऐरणीवर दोघांचा ताल एक. सातव्या महिन्यात थोरलीला पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवली. जिनपेई तिला घेऊन अंगणात आले, उन्हात धरली, आणि मला म्हणाले की आजवर माझ्या हातून यापेक्षा चांगलं काही झालं नाही. ते असं कधी बोलत नसत. त्या दिवशी आम्ही चौघांनी नदीतला मासा भाजून खाल्ला आणि तोमेकिचिने तीनदा तेच गाणं म्हटलं.

आठव्या महिन्यात पटकीची साथ नदीच्या वाटेने वर आली. तोमेकिचि सकाळी कोळशाची टोपली उचलत होता, संध्याकाळी गेला. दुसऱ्या दिवशी कानरोकुच्या गावाहून निरोप आला की आई आजारी आहे. तो गावी निघाला, आणि मागे रस्त्यावर पहारे बसले. आमच्या गावात सात घरांना कुलपं लागली. आम्ही दोघं वाचलो. का वाचलो, हे मला आजही सांगता येत नाही.

नवव्या महिन्यात साथ ओसरली तेव्हा जिनपेईंकडे अर्धं ढेकूळ होतं, भट्टी होती आणि घण मारायला कुणी नव्हतं. त्यांनी तीन गावं पालथी घातली. परक्या गावात जायला कुणी धजेना. मग त्यांनी एकट्याने करून पाहिलं. एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात हातोडा धरून, दुसऱ्याच एका पोलादावर. पोलाद भट्टीतून काढल्यावर ते जोडायचा रंग दहा श्वास टिकतो. तेवढ्यात एका हाताने काय होणार. घडीचे पदर सुटले, मधे राख अडकली. तीन दिवसांनी ते उंबऱ्यात येऊन बसले आणि म्हणाले, गडावर निरोप पाठवतो की थोरली घ्या, धाकटी दुसऱ्या कुणाची बांधा.

मी कोळसा तोडत होते. कोयता खाली ठेवला आणि म्हटलं, "घण मी मारते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "देवीला चालत नाही."

"माझ्या आईने चौदा वर्षं घण मारला. तिच्यावर कुठली देवी कोपली?"

"ते नांगर होते."

"लोखंड तर तेच ना. तुमच्या तलवारीच्या पोटात जाणार आहे ते मी लहानपणी अंगणात पालथं पडलेलं पाहिलंय. त्यावर बसून मी मुळ्याचं लोणचं खाल्लंय."

ते उठले आणि टेकडीवरच्या देवळाकडे गेले. दुपार झाली. मी भात झाकून ठेवला. उन्हं कलल्यावर ते परत आले आणि हातपाय धुऊन जेवायला बसले. अर्धं जेवण झाल्यावर म्हणाले, "देवीला सांगून आलो."

मी विचारलं, ती काय म्हणाली.

"विचारलं नाही मी. सांगितलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओढ्यावर अंघोळ केली, पांढरे कपडे घातले, बाह्या बांधल्या आणि अकरा वर्षांनी त्या दोराखालून वाकून आत गेले. आत अंधार होता. मला वाटलं होतं छातीत धडधडेल. तसं झालं नाही. कोळशाचा तो वास, ओल्या मातीचा वास, ऐरणीचा गारवा, सगळं मला बंदरातल्या घरासारखं वाटलं. धडधड जिनपेईंना होत होती. त्यांनी देवीपुढे साके, तांदळाची दारू, ठेवली आणि बराच वेळ डोकं टेकवून बसले.

पहिला घाव मी घातला तो चुकला. म्हणजे बसला जागेवरच, पण नांगराचा घाव होता तो. ठिणग्या छपरापर्यंत गेल्या आणि पोलादाचा कोपरा दबून गेला. जिनपेईंनी ऐरणीच्या कडेवर हातोडा वाजवून मला थांबवलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी तुकडा परत निखाऱ्यात ठेवला आणि शांतपणे सांगितलं की घणाला तू खाली ढकलू नकोस, तो आपणहून पडतो, तू फक्त तो सरळ पडेल एवढं बघ. दिवसभर मी तेवढंच शिकले. त्यांच्या छोट्या हातोड्याने पोलादावर टक् झालं की तिथे माझा घण. ऐरणीच्या कडेवर टक् झालं की थांबायचं. दोघांत बोलणं नाही. चौथ्या दिवशी माझ्या तळव्यांवरचे फोड फुटले, आणि सहाव्या दिवशी मी घण विसरले. हात कुठे आहेत तेही विसरले. टक् आणि घण, टक् आणि घण.

मी तोमेकिचिपेक्षा सावकाश होते हे खरं. दोन गड्यांचं काम एका बाईवर होतं. ते दोघं एका तापात जेवढं करायचे तेवढ्याला मला दोन ताप लागायचे. जिनपेई पोलाद पुन्हा पुन्हा निखाऱ्यात ठेवायचे, आणि ते फार तापून जळू नये म्हणून आच जरा मंद ठेवायचे. याचं त्यांना वाईट वाटायचं. इतक्यांदा आगीत गेलं तर पोलादातला जीव जातो, असं त्यांचे वडील सांगत.

पोलाद ठोकून लांब करायचं, मधोमध छिन्नीने खाच पाडायची, वळवून घडी घालायची, वर राख आणि चिखल लावायचा, पुन्हा आगीत. अशा बारा घड्या. एका दुपारी भाजलेलं रताळं खाताना जिनपेईंनी मला खड्यांनी हिशेब मांडून दाखवला. एक घडी, दोन पदर. दुसरी, चार. बाराव्या घडीला ते चार हजारांवर गेले. माझ्या हातातलं रताळं तसंच राहिलं. बोटाएवढ्या जाडीत चार हजार पदर, आणि त्यातला प्रत्येक मी माझ्या घणाखाली दुसऱ्याला चिकटताना ऐकला होता. मी म्हटलं, हे कुणाला दिसणार आहे का. ते म्हणाले, पातं घासून उजळवणारा शिकलगार चांगला असेल तर लाकडाच्या अंगावर दिसतात तशा रेषा दिसतील.

मग माहेरच्या लोखंडाची पाळी आली. ते मऊ, त्याला पाचच घड्या. ते निखाऱ्यात असताना मी म्हटलं, आता काढा. जिनपेईंनी भाता ओढत रंग पाहिला, म्हणाले, अजून अवकाश आहे. मी म्हटलं, हे खदखदायला लागलंय, मी याचा आवाज ओळखते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काढलं. पदर असे जुळले की सांधा शोधून सापडेना. त्यानंतर ते प्रत्येक वेळी भाता थांबवायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायचे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण तसं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

कडक पोलाद खोलगट वळवून त्याच्या कुशीत मऊ लोखंड ठेवलं, आणि दोन्ही एकत्र तापवून एक केली. बाहेर कडक म्हणून धार टिकते, आत मऊ म्हणून घाव सोसतो. त्यातून ठोकून ठोकून धाकटी लांबवली. अठरा दिवस लागले. पाणी द्यायचा दिवस दहाव्या महिन्याच्या सुरुवातीला आला.

पाणी देताना मी कधीच जवळ नव्हते. त्या दिवशी जिनपेईंनी पात्याला मातीचा लेप दिला, पाठीकडे जाड आणि धारेकडे कागदाइतका पातळ. लेप वाळल्यावर भर दुपारी त्यांनी सगळ्या खिडक्यांवर चटया बांधायला लावल्या, कारण पोलादाचा खरा रंग अंधारातच दिसतो. भाता माझ्या हातात दिला. हौदातल्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून पाणी किती कोमट आहे ते पाहिलं. मग पातं निखाऱ्यांतून पुढेमागे सरकवायला लागले. मला काहीही दिसत नव्हतं, फक्त ते पातं आणि त्याच्या उजेडात त्यांचा अर्धा चेहरा. पात्याचा रंग मावळतीच्या सूर्यासारखा झाला, टोकापासून मुठीपर्यंत सारखा, कुठेही डाग नाही. त्यांनी श्वास घेतला तो मी ऐकला. आणि पातं पाण्यात गेलं.

पाणी किंचाळलं. मी भाता सोडून पुढे वाकले. पाण्यात लाल रंग विझत होता आणि त्या विझत्या उजेडात मी पाहिलं, पातं हललं. सरळ घातलेलं पातं आधी धारेकडे झुकलं, नाक खाली गेलं, क्षणभर तसंच राहिलं, आणि मग सावकाश मागे वळून पाठीकडे बाक घेतलं. त्याला कुणी हात लावला नव्हता. तलवारीचा बाक लोहार ठोकून आणतो असंच मी समजत होते. तो ती स्वतः घेते. जन्मभर लोखंडात राहिलेली बाई मी, पण लोखंड स्वतः हलतं हे त्या दिवशी पाहिलं.

जिनपेई ऐकत होते. पाण्यात बारीक टिंग असा आवाज झाला तर धार तडकली असं समजायचं, आणि मग सगळं संपलं. आवाज आला नाही. पाण्याचं चरचरणं थांबलं. त्यांनी पातं बाहेर काढलं, चटई बाजूला करून उजेडात धरलं, अंगठ्याने लेप खरवडला. मग खाली बसले आणि पातं माझ्या हातात दिलं.

थोरली नि धाकटी, दोन्ही गडाखालच्या गावात सेइआनकाकांकडे गेल्या. सेइआनकाका सत्तरीचे शिकलगार. दगडामागून दगड बदलत ते एका पात्यावर पंधरा-पंधरा दिवस बसत. ते कुणाकडे जात नसत. लोक त्यांच्याकडे जात. म्हणून अकराव्या महिन्यातल्या एका सकाळी ते स्वतः बर्फातून आमच्या दारात आले, काठी टेकत आणि पाठीला लांब पेटी बांधून, तेव्हा मला वाटलं धाकटीला तडा सापडला. जिनपेईंनाही तेच वाटलं असणार. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

काकांनी गरम पाणी मागितलं, प्यायले, आणि म्हणाले, उजेडाला चला. ओसरीवर बर्फाचा उजेड होता. त्यांनी आधी थोरली काढली. ती देखणी होती, धारेवर पांढरी लहर आणि अंगावर बारीक रेषा. मग त्यांनी धाकटी काढून जिनपेईंच्या हातात दिली आणि तिरकी धरायला सांगितली.

धारेवर तीच लहर होती. पण लहरीच्या वर, पात्याच्या काळ्या अंगावर, आणखी काहीतरी होतं. पहाटे दरीत धुकं उतरतं तसं. पातं एका बाजूला कललं की ते दिसायचं, दुसऱ्या बाजूला कललं की नाहीसं व्हायचं. ते पोलादाच्या वर नव्हतं. बोटाने पुसलं जाणारं नव्हतं. पोलादाच्या आत कुठेतरी खोल होतं, आणि त्या धुक्याखाली माझे ते चार हजार पदर ओढ्याच्या तळाच्या वाळूसारखे दिसत होते.

सेइआनकाका म्हणाले की असं धुकं त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, वडिलांच्या हाताखाली असताना, पाचशे वर्षांपूर्वीच्या एका तलवारीवर. खालच्या अंगाला ओसाफुने गावात तेव्हा असं घडवणारे लोक होते. मग एका पुरात ते गाव गेलं, आणि कसं घडवायचं तेही त्यांच्याबरोबर गेलं. त्यानंतर किती जणांनी किती डोकं फोडलं, कुणाला जमलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "थोरलीवर हे नाही. धाकटीवर घण कुणी मारला?"

जिनपेईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी मारला."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? कोळसा तोडणारी?"

"हो."

मग ते सावकाश हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. जिनपेई तिथेच पातं धरून बसले होते. कलवायचे, पाहायचे, पुन्हा कलवायचे.

जाण्याआधी काकांनी त्यांना बाजूला घेतलं. मला ओसरीवरून सगळं ऐकू येत होतं. ते म्हणत होते, ही देऊन टाकू नकोस. हे कसं झालं ते जन्मभर अभ्यासायला तुझ्यापाशी राहू दे. दुसरी धाकटी घडव, लहर जुळव, गडावरच्या कुणाला फरक कळणार नाही. कळणारा मी एकटाच, आणि मी तोंड उघडणार नाही. जिनपेईंनी विचारलं, आणि पोलाद? ते ढेकूळ तर संपलं. काका म्हणाले, ढेकूळ कुणी चाखून बघत नाही.

मला खरं सांगायला हवं. मलाही वाटलं की ठेवावी. ती माझी होती. जेवताना मी तसं म्हटलंदेखील. जिनपेईंनी ऐकलं. दोन दिवस ते त्या पात्याशी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी देन्नाईंना निरोप पाठवला.

देन्नाई आले तेव्हा जिनपेईंनी काहीच झाकलं नाही. गडी गेले, घण बायकोने मारला, हे आधी सांगितलं. मग सांगितलं की जोडी जुळलेली नाही, आणि त्यांच्यापुढे दोन्ही ठेवल्या. म्हणाले, "सरकार, धाकटीत जे आहे ते मला कळत नाही. आणि तिच्याशेजारी थोरली ठेवायची मला लाज वाटते. तुम्ही नको म्हणालात तर मी समजेन."

देन्नाईंनी तोंडाला कागद धरला, श्वास पात्याला लागू नये म्हणून, आणि धाकटी उजेडात कलवली. हा माणूस दर वाक्याला थट्टा करायचा. त्या दिवशी त्याने पातं एकदा टोकाकडून आणि एकदा मुठीकडून पाहिलं. शेवटी त्यांनी पातं खाली ठेवलं आणि मला हात दाखवायला सांगितले. मी पुढे केले. फोडांची कातडी तोवर जाड होऊन पिवळी पडली होती. त्यांनी ती पाहिली, आणि तो गडावरचा माणूस आमच्या जुन्या चटईवर दोन्ही तळवे टेकून माझ्यापुढे वाकला. मला काय करावं कळेना. मीही वाकले. किती वेळ दोघं तसेच होतो कुणास ठाऊक.

मग ते उठून बसले आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "जिनपेई, कुणाच्या घरात शिरताना थोरली दारात काढून ठेवावी लागते. धाकटी कमरेलाच राहते. जावई माझ्या घरात माझ्यासमोर बसेल तेव्हा त्याच्या अंगावर हीच असेल. तू काय समजलास, मला बाहेरच्यांना दाखवायला जोडी हवी होती?"

धाकटीच्या मुठीत जाणाऱ्या भागावर अजून नाव कोरलेलं नव्हतं. जिनपेईंनी एका बाजूला आपलं नाव कोरलं. दुसऱ्या बाजूला काय कोरताहेत ते मला दाखवलं नाही. देन्नाईंनी वाचून दाखवलं: तोमोच्या नांगराच्या लोखंडाने, दोन माणसांनी. मूठ बसली की ते कुणाला दिसायचं नाही.

गावात बातमी पसरली. पुजाऱ्याने एकदा येऊन दोराकडे आणि माझ्याकडे पाहिलं, आणि चहा पिऊन गेला. कानरोकु थंडी सरल्यावर परत आला. आई वाचली होती. भट्टीत मला घण धरलेली पाहून त्याने त्या दिवसाचे दहा शब्द एकदमच खर्च केले, आणि मग दुसरा घण उचलून माझ्या शेजारी उभा राहिला.

पुढची नऊ वर्षं जिनपेईंनी ते धुकं शोधलं. तोच महिना, तोच ओढा, तशीच आच. मला विचारायचे, त्या दिवशी तू कशी उभी होतीस, दमली होतीस का, किती वेळ थांबलो होतो. कानरोकुला बाजूला ठेवून आम्ही दोघांनीच करून पाहिलं. मी मुद्दाम सावकाश घण मारला. पोलाद जास्त वेळा आगीत घातलं, कमी वेळा घातलं. सोळा पाती झाली. त्यांतली काही थोरलीपेक्षाही चांगली होती, लोक लांबून मागायला यायचे. सेइआनकाका असेपर्यंत प्रत्येक पातं उजेडात धरायचे आणि मान हलवायचे. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा हलवायचा.

मला एवढंच दिसत होतं की दर वेळी पाणी देताना जिनपेई त्या पात्यापुढे नव्याने घाबरायचे. आधी ते कसबी होते, आता आत बोलावतील का याची वाट बघत दारात उभ्या असलेल्या माणसासारखे झाले. पण मला ते तसेच जास्त आवडायला लागले. सतराव्या पात्याला पाणी देऊन झाल्यावर त्यांनी लेप खरवडला, पाहिलं, आणि चटया सोडायला सांगितल्या. उजेड आत आला. मी विचारलं, ती देऊन टाकली याचं वाईट वाटतं का. त्यांनी विचार करून उत्तर दिलं. म्हणाले, "ठेवली असती तर ती कशी झाली हे मला माहीत आहे असं एखाद्या दिवशी मला वाटायला लागलं असतं."

त्यानंतर काळ बदलला. नव्या सरकारने तलवार बांधायला बंदी केली, वाड्यावस्त्यांवरून तलवारी गेल्या, मागणी गेली. आम्ही विळे, कोयते, भाजीच्या सुऱ्या घडवायला लागलो. त्याही तशाच, आत मऊ आणि बाहेर कडक. दारावरचा दोर दर नव्या वर्षी मी माझ्या हाताने वळायचे. जिनपेई गेले ते त्यांच्या सत्तराव्या वर्षी, कापणीच्या दिवसांत, कुणाच्या तरी विळ्याला पाणी देऊन संध्याकाळी घरी आल्यावर.

आता भट्टी कानरोकुचा जावई चालवतो. खिडक्यांवर चटया बांधल्या की मला बोलावतो, भाता ओढायला म्हणून. भाता ओढायला त्याच्याकडे माणसं आहेत. मी जाते. साधा विळा असतो, कुणाचा तरी, गवत कापायचा. तो लाल होतो, पाण्यात जातो, आणि त्या विझत्या उजेडात हलतो. तो हलताना मी अजून एकदाही डोळे मिटलेले नाहीत.